मनोऱ्याखालचे चर: यॉर्क मिन्स्टरच्या पायाशी सापडलेलं रोमन मुख्यालय आणि त्यावरचे मध्ययुगीन थर

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या बेचक्यात रोमन सैन्याच्या नवव्या लिजनने, म्हणजे काही हजार सैनिकांच्या तुकडीने, इ.स. ७१ च्या सुमारास छावणी उभारली. तिचं नाव एबोराकम. पुढे सहावं लिजन तिथे आलं आणि लाकडी इमारतींच्या जागी दगडी इमारती झाल्या. छावणीच्या मध्यावर मुख्यालय होतं: पुढे फरसबंद चौक, त्याच्या मागच्या बाजूला खांबांच्या दोन रांगांचं भव्य सभागृह, आणि सभागृहाच्या पाठीशी खोल्यांची ओळ. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट इ.स. २११ मध्ये याच शहरात वारला. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट घोषित केलं, तेही इथेच.

छावणीचा आराखडा आजच्या रस्त्यांत अजून दिसतो. स्टोनगेट आणि पीटरगेट हे रस्ते छावणीच्या दोन मुख्य रस्त्यांवरून जातात. ते जिथे मिळतात तिथे मुख्यालय असायला हवं, आणि नेमकं तिथेच यॉर्क मिन्स्टर हे कॅथेड्रल उभं आहे. त्यामुळे खाली काय मिळेल याचा अंदाज खोदायच्या आधीच होता. ऐतिहासिक वास्तूंची नोंद करणाऱ्या सरकारी रॉयल कमिशनने यॉर्कच्या रोमन अवशेषांची जी सविस्तर नोंद १९६२ साली प्रसिद्ध केली, तिने तो अंदाज पक्का केला.

वरची इमारतही एका काळातली नाही. नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा एडविन याने ६२७ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो यॉर्कमधल्या एका लाकडी चर्चमध्ये. नॉर्मन, म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या लोकांपैकी, आर्चबिशप थॉमस याने १०८० च्या सुमारास सुमारे १११ मीटर लांबीचं नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं. आज दिसणारी गॉथिक इमारत तेराव्या ते पंधराव्या शतकातली. मधला मनोरा १४०७ मध्ये कोसळला, पुन्हा बांधला गेला, आणि १४७२ मध्ये सगळी इमारत पूर्ण झाल्याचं जाहीर झालं.

नॉर्मन बांधकाम पूर्व-पश्चिम आहे. रोमन छावणी मात्र नदीला धरून, म्हणजे जवळजवळ ४५ अंशांनी तिरकी आखलेली होती. पुढचं सगळं प्रकरण समजायला हा तिरकेपणा ध्यानात ठेवावा लागतो.

अडचण

बर्नार्ड फील्डन या वास्तुविशारदाकडे १९६५ पासून इमारतीची देखभाल होती. त्यांनी केलेल्या पाहणीत मधल्या मनोऱ्याच्या आजूबाजूला भेगा दिसल्या आणि त्या जुन्या नव्हत्या, वाढत होत्या. १९६७ मध्ये वीस लाख पौंडांच्या निधीसाठी जाहीर आवाहन करण्यात आलं.

दोष पायात होता. सुमारे १६,००० टनांचा मनोरा ज्या चार खांबांवर उभा होता, ते खांब नॉर्मन काळातल्या जुन्या पायावरच उभे केलेले होते. तो पाया इतक्या वजनासाठी घातलेला नव्हता आणि भारही मध्यावर न पडता कडेकडे पडत होता. त्यात नॉर्मन गवंड्यांनी दगड-चुन्याच्या भरावात मजबुतीसाठी ओकच्या लाकडाच्या तुळया आडव्या-उभ्या घातल्या होत्या. शेकडो वर्षांत त्या कुजल्या आणि पायाच्या पोटात तुळयांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. मजबुतीसाठी घातलेली वस्तूच पाया पोखरून गेली.

अभियंत्यांना पायाच्या चारही अंगांची माती काढून तिथे काँक्रीट भरायचं होतं. पण ती माती म्हणजे एकोणीस शतकांचे थर: रोमन फरशी, पडलेली कौलं, पडझडीवरची वस्ती, कबरी, नॉर्मन पायाचे चर आणि गॉथिक बांधकामाचा राडारोडा. ती काढणार हे ठरलेलंच होतं. ती कोण काढणार, किती वेळात, आणि काढताना काय नोंदवणार, एवढंच ठरायचं होतं.

तोललेले पर्याय

अशा पायाला आधार देण्याच्या वाटा साधारण तीन. पोकळ्यांत दाबाने चुना किंवा सिमेंटचा रस भरणं. खोल खुंट, म्हणजे पाइल, उतरवून भार खालच्या घट्ट थरावर नेणं. किंवा पाया रुंद करून तोच भार जास्त जमिनीवर वाटणं. नुसत्या रसाने पोकळी भरते, पण पाया रुंद होत नाही. खुंट उतरवताना हादरे बसतात, आणि भेगा पडलेल्या मनोऱ्याखाली हादरे नकोतच. पुरातत्त्वाच्या नजरेने पाहिलं तर खुंट जागा थोडी घेतात, मात्र प्रत्येक खुंट सगळे थर आरपार फोडत जातो, आणि काय फोडलं ते कधीच कळत नाही. मिन्स्टरमध्ये पाया रुंद करण्याचा पर्याय निवडला गेला. जमिनीखाली सर्वांत जास्त उलथापालथ त्यानेच होणार होती. त्यातला त्यात बरी बाजू एवढीच की माती हाताने, डोळ्यांसमोर काढली जाणार होती.

पुरातत्त्वज्ञांपुढचा पहिला पर्याय होता निव्वळ निरीक्षणाचा: कामगार खणतील, एक जण काठावर उभा राहून जे दिसेल ते टिपेल. मध्ययुगीन इमारतींच्या दुरुस्तीत तेव्हा हेच चालायचं. भिंती मिळतात, पण थर हातचे जातात.

दुसरा पर्याय चौकोनी खड्ड्यांचा. ही पद्धत भारतात चांगलीच ओळखीची आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेच्या प्रशिक्षण शिबिरात ती शिकवली आणि पुढच्या कित्येक उत्खननांत ती रूढ झाली. सारख्या मापाचे चौकोन आखायचे, मध्ये मातीचे बांध राखायचे आणि बांधांच्या उभ्या कापांवरून थर वाचायचे. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मोकळ्या टेकाडावर ती छान चालते. मनोऱ्याखाली चौकोन आखायला जागाच नव्हती, आणि बांध राखावा तर अभियंत्याला नेमकी तीच माती काढून हवी असायची.

तिसरा पर्याय मोठं क्षेत्र एकदम उघडून वरून खाली एकेक थर संपूर्ण काढत जाण्याचा. शास्त्र म्हणून सर्वांत चांगला. पण पायाची एक बाजू सलग उघडी टाकणं म्हणजे मनोरा धोक्यात घालणं.

शेवटी तडजोड झाली. अभियंत्यांनी ठरवलेल्या चरांतच, त्यांच्याच क्रमाने खणायचं. मात्र खणणार पुरातत्त्वज्ञ, आणि काँक्रीट पडण्याआधी नोंद पूर्ण करायची. डेरेक फिलिप्स यांच्या देखरेखीखाली हे काम कित्येक वर्षं चाललं.

या निर्णयाची किंमत सुरुवातीला ध्यानात येत नाही. चर कुठे पडणार हे अभ्यासाचा प्रश्न ठरवत नव्हता, मनोऱ्याचं वजन ठरवत होतं. सभागृहाचा एक कोपरा पूर्ण मिळतो, शेजारची खोली अर्धी मिळते, आणि दोघांमधला दुवा नेमका न खणलेल्या मातीत राहतो.

प्रत्यक्ष काम

खांबाभोवतीची माती टप्प्याटप्प्याने काढली की एक भाग उघडा असताना बाकीचे भार पेलत राहतात. चराच्या बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू लागतात. भेगांवर मोजमापाच्या खुणा बसवून हालचाल नियमित वाचावी लागते. रुंदीकरणाचं काँक्रीट दोन थरांत घातलं गेलं आणि मधे फ्लॅट जॅक, म्हणजे द्रव भरून फुगवायच्या चपट्या धातूच्या पेट्या, बसवल्या. त्या फुगवल्या की खालचा थर जमिनीवर दाबला जातो आणि माती जितकी बसायची तितकी आधीच बसून घेते. नाहीतर नवा पाया भार घेऊ लागण्यापूर्वी मनोरा आणखी खचला असता. जुना पाया आणि नवं काँक्रीट एकत्र आवळण्यासाठी आरपार छिद्रं पाडून त्यांत स्टेनलेस स्टीलच्या सळ्या ताणून बसवल्या.

छताखाली खणण्याचे त्रास वेगळे असतात. विजेच्या उजेडात मातीच्या छटा एकसारख्या दिसतात. उघड्यावर सकाळच्या तिरप्या उन्हात जो फरक पटकन कळतो, तो इथे हाताने, करणीच्या टोकाने आणि पाण्याच्या फवाऱ्याने शोधावा लागतो. दगड कापल्याची धूळ उघड्या थरावर बसते. खोल चरात उभं राहून सबंध मजल्याचा फोटो घेता येत नाही. तुकड्यातुकड्याने घ्यावा लागतो आणि मापं जुळवण्यासाठी सगळ्या चरांना एकच आधाररेषा लागते. ही रेषा मिन्स्टरच्या भिंतींना धरून घ्यायची की रोमन भिंतींना, हा वरवर किरकोळ प्रश्न. पण दोन्ही एकमेकांना तिरक्या असल्याने जी निवडाल तिच्याशी दुसरी कायम वाकडी दिसणार.

सापडलेलं थोडक्यात असं. मुख्यालयाच्या सभागृहाच्या भिंती आणि खांबांचे तळ. जागीच कोसळलेला एक मोठा दगडी खांब. त्याचे तुकडे बाहेर काढून १९७१ मध्ये मिन्स्टरच्या दक्षिण दारासमोर तो पुन्हा उभा केला. सभागृहामागच्या एका खोलीत रंगीत गिलावा. कौलांचा थर आणि त्याखालची वस्तीची माती. दक्षिणेच्या बाजूला नॉर्मनपूर्व दफनभूमी आणि तिथल्या कोरीव थडग्यांच्या शिळा. आणि थॉमसच्या कॅथेड्रलचा पाया व भिंतींचे खालचे थर. या भिंतींना बाहेरून पांढरा गिलावा होता आणि त्यावर तांबड्या रेघा ओढून घडीव दगडांचे सांधे भासवले होते.

रंगीत गिलाव्याजवळ जरा थांबायला हवं, कारण हे काम घाईत हमखास बिघडतं. भिंतीवरून निसटलेला गिलावा खोलीत ढिगाने पडतो, आणि कोणता तुकडा कोणत्या भिंतीचा हे फक्त तो जिथे पडला त्या जागेवरून कळतं. म्हणून ढीग सरसकट टोपलीत भरायचा नाही. आधी जाळी आखून तुकडे जागेवरच टिपायचे, मग भुसभुशीत तुकड्यांच्या रंगाच्या बाजूवर पातळ कापड आणि चिकट द्रव लावून ते पक्के करायचे, आणि ट्रेमध्ये त्याच क्रमाने मांडायचे. मागच्या बाजूचा चुनाही जपायचा. त्याचे थर, वाळूचा जाडसरपणा आणि कुडाच्या काड्यांचे ठसे तुकडे जुळवायला रंगाइतकेच उपयोगी पडतात. मिन्स्टरखालच्या या तुकड्यांतून भिंतीचा मोठा भाग पुन्हा जुळवता आला आणि तो आज तळघरातल्या प्रदर्शनात दिसतो.

चोर-चराची अडचण सगळ्याच जुन्या शहरांत भेटते. मध्ययुगीन बांधकाम करणारे रोमन भिंतीचे दगड उपसून न्यायचे आणि रिकामा चर मिळेल त्या मातीने भरून टाकायचे. त्या भरावातली मध्ययुगीन खापरं रोमन फरशीच्याही खालच्या पातळीवर येतात. सरसकट वीस-वीस सेंटिमीटरचे आडवे पापुद्रे काढत गेलं तर ही खापरं रोमन थरात मिसळतात आणि सबंध इमारत हजार वर्षांनी तरुण ठरते. उपाय एकच: भराव वेगळा ओळखायचा, तो सगळ्यात आधी आणि संपूर्ण काढायचा, त्याला वेगळा क्रमांक द्यायचा, आणि मगच शेजारच्या थराला हात लावायचा. उलटा प्रश्नही असतो. मध्ययुगीन थरात निघालेल्या खापरांत बरीचशी रोमनच असतात, कारण खणती माणसं जुनी माती वर आणत राहतात. थराची तारीख बहुसंख्य खापरांवरून नव्हे, सर्वांत उशिराच्या एखाद्या खापरावरून लागते, आणि तीही फक्त ‘याच्या आधीचा नाही’ इतकंच सांगते.

निर्णयाचा खरा क्षण: मधला थर

रोमन सभागृह कधी कोसळलं, हा या उत्खननातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. फरशी रोमन, आणि पडझडीच्या वरच्या बाजूला नॉर्मनपूर्व कबरी. मधल्या काही बोटं जाडीच्या मातीत चार-पाचशे वर्षं दडलेली. ती वाचणं कठीण, कारण इ.स. ४०० नंतर लवकरच ब्रिटनमध्ये नवी रोमन नाणी येणं थांबलं आणि खापरांचे मोठे कारखानेही बंद पडले. पुढची माणसं तिथे राहिली असली तरी तारीख सांगेल असं मागे फारसं काही टाकत नाहीत.

या मातीत डुकराच्या पिल्लांची हाडं लक्ष वेधून घेण्याइतकी जास्त निघाली. अभ्यासक या थराला लहान डुकरांचा थर म्हणूनच ओळखतात. फिलिप्स यांनी सगळी मांडणी पाहून निष्कर्ष काढला की सभागृह डागडुजी होत नवव्या शतकापर्यंत उभं असावं. पुरातत्त्वज्ञ मार्टिन कार्व्हर यांनी त्याच नोंदी वेगळ्या लावल्या आणि पडझड त्याहून बरीच आधी धरली. दोघांची मतं १९९५ च्या एकाच अहवालात शेजारी छापली आहेत, ही फार प्रामाणिक गोष्ट. २००७ मध्ये जेम्स जेरार्ड यांनी ही हाडं रोमन काळाच्या अखेरीची आहेत असा युक्तिवाद केला.

म्हणजे प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि का सुटला नाही हे पाहण्यासारखं आहे. मधला थर वेगवेगळ्या चरांत तुकड्यांनी मिळाला. एका चरातला काळपट थर आणि दहा मीटरवरच्या चरातला तसाच थर एकच, हे गृहीत धरावं लागतं; मध्ये काँक्रीट किंवा न खणलेली माती. कौलांचा थर फरशीला टेकलेला, की त्यांच्या मध्ये धुळीचा पातळ पापुद्रा, यावर चार शतकांचा फरक पडू शकतो, आणि तो पापुद्रा काही चरांत टिपला गेला, काहींत नाही.

कबरींनीही एक कोडं घातलं. त्या पूर्व-पश्चिम नाहीत. रोमन भिंतींच्या दिशेने तिरक्या आहेत. काही मृत कोळशाच्या थरावर ठेवलेले, काही लोखंडी पट्ट्यांच्या लाकडी पेट्यांत. म्हणजे कबरी खणणाऱ्यांना रोमन आखणी दिसत होती: भिंती उभ्या होत्या, किंवा निदान त्यांचे जोते आणि त्यांवर बेतलेल्या वाटा उरल्या होत्या. यातून फिलिप्स यांच्या मताला बळ मिळतं असं वाटतं खरं. पण गुडघाभर अवशेष जरी वर असते तरी कबरी तशाच आखल्या गेल्या असत्या. हा पुरावा छताबद्दल काहीच बोलत नाही.

निष्पत्ती

मनोरा सावरला. १९७२ मध्ये, म्हणजे १४७२ नंतर बरोबर पाचशे वर्षांनी, बळकटीकरण पूर्ण झालं. काँक्रीट भरल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेत तळघर संग्रहालय झालं. तिथे रोमन भिंत, नॉर्मन पाया आणि विसाव्या शतकातलं काँक्रीट एकाच नजरेत दिसतात. रोमन गटारातून आजही पाणी वाहतं. लोकांना हे पाहायला मिळावं हा निर्णय त्या काळाच्या मानाने पुढचा होता, कारण नुसता भराव टाकून बंद करणं कितीतरी स्वस्तात झालं असतं.

सातव्या शतकातलं चर्च मात्र सापडलं नाही. एडविनचं लाकडी चर्च आणि त्यानंतरचं दगडी चर्च इथेच खाली असेल अशी अनेकांची अपेक्षा होती. ते खणलेल्या चरांत नाही, एवढंच सिद्ध झालं.

अहवालांना वेळ लागला. नॉर्मन कॅथेड्रलचा खंड १९८५ मध्ये आला, रोमन ते नॉर्मन काळाचा १९९५ मध्ये. खोदकाम आणि शेवटची छपाई यांच्यात वीस वर्षांहून जास्त अंतर पडण्याचं कारण कोणाचा आळस नव्हे. इमारतीचा निधी खोदण्यासाठी होता, अभ्यासासाठी तितका नव्हता; आणि अनेक चरांच्या नोंदी एका क्रमात बसवायला एकसारखी पद्धतही नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

त्या काळच्या साधनांत राहूनही नोंदीची शिस्त वेगळी ठेवता आली असती. थरांचा क्रम रेखाचित्राच्या जाळ्यात मांडण्याची एडवर्ड हॅरिस यांची पद्धत १९७३ ची, म्हणजे मिन्स्टरचं मुख्य काम संपताना आलेली. तीत प्रत्येक थर, खड्डा, भराव आणि कापलेली कड यांना स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि कोण कोणाच्या वर एवढंच लिहिलं जातं. दोन चर एकमेकांना कधीच न भेटणाऱ्या जागी तिचा मोठा फायदा हा की कुठे पुरावा आहे आणि कुठे गृहीतक, हे चटकन वेगळं होतं. आज अशा कामात संचालकाने पहिल्याच आठवड्यात रिकामी जाळी भिंतीवर लावावी आणि रोज संध्याकाळी भरावी.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. हाडाचं वय काढणाऱ्या रेडिओकार्बन तपासणीला तेव्हा शेकडो ग्रॅम हाड लागायचं, आणि पिल्लांची हाडं एवढी नसतात. आता प्रवेगक यंत्राने ग्रॅमभर हाडातही काम भागतं. म्हणून मधल्या थराची माती काही पिशव्या भरून, चाळून किंवा न चाळता, राखून ठेवणं फायद्याचं असतं; काय शोधायचं ते आज ठाऊक नसलं तरी. यॉर्कमध्ये माती, बिया आणि हाडांवर काम करणारं पर्यावरणीय पुरातत्त्वाचं केंद्र १९७५ मध्ये सुरू झालं, मनोऱ्याखालचे चर बुजल्यावर तीन वर्षांनी.

तिसरी गोष्ट चरांच्या आकाराची. अभियंत्याला खांबाभोवती जागा हवी, पण कोणत्या बाजूने आधी आणि कुठे अर्धा मीटर जास्त, यात थोडी मोकळीक असते. ती बोलणी आराखडा पक्का होण्याआधी व्हायला हवीत. दोन चर एका अरुंद दुव्याने जोडले जाऊ शकले असते, तर मधल्या थराचा वाद निम्मा तरी मिटला असता.

यॉर्कने याचा धडा शहराच्या पातळीवर घेतला. १९९१ मध्ये ओव्ह अरुप या कंपनीने विद्यापीठासोबत शहरासाठी अहवाल दिला. त्यानंतर बांधकामाने पुरातत्त्वीय थरांचा सुमारे पाच टक्क्यांहून जास्त भाग नष्ट करू नये असा आग्रह रूढ झाला. मिन्स्टरच्या पायाचं गणितही याच कंपनीच्या अभियंत्यांनी केलेलं होतं. त्यापूर्वी १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजन नियमांत उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने सोसावा हे तत्त्व आलं होतं, त्यामुळे अहवालाचे पैसे काम सुरू होण्याआधीच बाजूला पडू लागले.

२०१२ मध्ये तळघरात लिफ्टचा खड्डा घ्यायची वेळ आली, तेव्हा यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने तो छोटा तुकडा हाताने खणला. मानवी हाडांचे हजारो तुकडे निघाले.